रांजणाला पांढरं फुटतंय, रविवारी वास्तुशांत आहे. मदत हवी!

कादवाकाठ (मंगळवार, रात्री ११:४०)
थेट विचारते. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, रविवारी वास्तुशांत. हॉलच्या कोपऱ्यात जुना मोठा रांजण, शेजारी दोन मडकी आणि एक खुजा (मातीची सुरई) असं मांडलंय. सगळं मनासारखं जमलं होतं, पण गेले पंधरा दिवस रांजणाला पांढरं फुटतंय. पुसलं की जातं, चार दिवसांत परत हजर. आता पोपडे निघतात आणि फरशीवर तांबडी भुकटी पडते. सासूबाई म्हणतात रंग लावून टाक. कुठला लावू, ऑइलपेंट की ॲक्रिलिक? लवकर सांगा प्लीज. गूगल करा म्हणू नका, केलंय.

वेळकाढू
फोटो?

शिळोप्या
ॲक्रिलिक! आधी गेरूचा हात, वर पांढऱ्याने वारली. आमच्या गॅलरीत तशी सहा मडकी आहेत, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. मधल्या पट्ट्यात तारपा नाच काढा, रांजणाच्या गोलाईवर तो फार खुलतो.

निवृत्त_रसायनी
रंग लावू नका. भिंतीला लोणा लागतो तोच प्रकार दिसतोय. मातीत मुरलेले क्षार ओल मिळाली की विरघळतात, पृष्ठभागाशी येऊन पाणी उडालं की त्यांचे खडे होतात. खडा फुगतो आणि वरचा पापुद्रा ढकलून देतो, म्हणून भुकटी. वर रंग चढवलात तर रंगासकट पापुद्रा येईल. आता सांगा: रांजण कुठून आणला, आधी त्यात काय असायचं, कशावर ठेवलाय, आत पाणी आहे का?

कादवाकाठ
काका, आत काही नाही, रिकामाच आहे. मनीप्लांट आहे फक्त.

निवृत्त_रसायनी
"रिकामाच आहे, मनीप्लांट आहे फक्त." बरं. मग पाणी कुठल्या हवेतून मिळतं त्याला?

वेळकाढू
😂

कादवाकाठ
एक दिवसाआड तांब्याभर घालते. तळाशी विटांचे तुकडे, वर माती. बोअरचं पाणी आहे, नळ अजून आला नाही सोसायटीत. पण मनीप्लांट तर लहान मडक्यातही आहे, त्याला काही झालं नाही! प्रश्न रंगाचा आहे, कृपया त्यावर बोला.

आडगावकर
रांजण कोणत्या दिशेला आहे? ईशान्येला जड वस्तू ठेवू नये. नैऋत्येला हलवा. आमच्या मेहुण्यांकडे असाच प्रकार झाला होता, हलवल्यावर थांबला.

निवृत्त_रसायनी
मेहुण्यांनी तो ओल्या भिंतीपासून हलवला असेल.

आडगावकर
तुम्हाला पटणार नाही हे माहीत होतं.

माठवाली_मावशी
पोरी, माठाचं पाणी गार राहायचं तर खाली वाळू पसर, वाळू ओली ठेव आणि माठाला ओलं फडकं गुंडाळ. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून गार. आणि माठ आतून हाताने घासू नये, छिद्रं बुजतात.

वेळकाढू
मावशी, त्यांना पाणी गार नाही करायचंय.

माठवाली_मावशी
मग रांजण कशाला ठेवलाय?

गढीवरचा
किती जुना आहे ते आधी कळू द्या. नाशकात लोक जुनं खापर म्हणजे काय ते विसरलेत. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी इथे गोदाकाठी आणि संगमनेरजवळ जोर्वे इथे उत्खनन केलं, तिथून 'जोर्वे' भांड्यांना नाव मिळालं. तांबड्या अंगावर काळी भौमितिक नक्षी, कोन काढलेलं पोट, बाजूला तोटी. साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. इनामगावला तर लहान मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायची आणि घरातच जमिनीखाली पुरायची. रांजणाला तोटी आहे का?

कादवाकाठ
वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात हे वाचायला दिल्याबद्दल आभारी आहे. तोटी नाही. सासऱ्यांच्या मळ्यातला आहे, पिंपळगावजवळ. साठ-सत्तर वर्षं तरी. खुजा मात्र खरा अँटिक, पेशवेकालीन. जुन्या नाशकातल्या एका दुकानातून साडेचार हजाराला घेतला.

चाकावरची_माती
खुज्याच्या मानेपासून बुडापर्यंत सरळ उभी रेघ बोटाला लागते का, दोन्ही बाजूंना? लागत असेल तर तो साच्यात दोन अर्ध्या करून जोडलाय. चाकावरच्या मालाला आडव्या रेघा असतात, उभी शिवण नसते. आमच्या घरी आजोबांपर्यंत चाक होतं, म्हणून सांगतोय. मोठा रांजण एका दमात चाकावर होत नाही. अर्धा करून घ्यायचा, मग आतून गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकत फुगवायचा. आत हात घालून बघा, खळगे लागतील. ते असतील तर तुमचा रांजण खुज्यापेक्षा खरा.

कादवाकाठ
रेघ आहे. 😐 रांजणात खळगे पण आहेत.

कायदेपंडित
१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कला-कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, देशाबाहेर न्यायची तर बंदीच. दुकानदाराकडे परवाना आहे का, विचारा.

गढीवरचा
पेशवेकालीन नसेल तर परवाना लागत नाही, आणि परवाना लागत नसेल तर साडेचार हजार लागत नाहीत. तो कोणत्याही बाजूने अडकेल.

शिळोप्या
खुज्यावरही वारली छान दिसेल.

कादवाकाठ
अहो, रांजण!! फोटो टाकलेत, बघा. पाच दिवस राहिलेत.

निवृत्त_रसायनी
दुसऱ्या फोटोत अंग चकचकतंय. काही लावलंय का?

कादवाकाठ
पारदर्शक वॉर्निश. माळ्यावरून उतरवल्यावर घासून धुतला आणि दोन हात मारले, उठाव यावा म्हणून. तेव्हा काही नव्हतं, त्यामुळे तो मुद्दा नाही असं वाटलं.

निवृत्त_रसायनी
ताई, तोच मुद्दा आहे. आतून एक दिवसाआड तांब्याभर पाणी रांजणाच्या भिंतीत शिरतंय, बाहेर वॉर्निशने वाट बंद. क्षार वॉर्निशच्या मागे साठून ते उचलतायत. लहान मडक्याला वॉर्निश लावलंय का?

कादवाकाठ
नाही. त्यातला मनीप्लांट प्लास्टिकच्या डब्यात आहे.

वेळकाढू
ही माहिती पहिल्या पोस्टमध्ये असती तर धागा चार प्रतिसादांत संपला असता.

द्राक्षबाग_पिंपळगाव
तिसरा फोटो मोठा करून बघा. बुडाशी, काठाच्या आतल्या बाजूला पांढऱ्यात निळसर-हिरवी झाक आहे. वहिनी, मळ्यात हा रांजण कुठे होता? घरात की औषधाच्या शेडमध्ये?

कादवाकाठ
शेडच्या माळ्यावर. तिथे बाकी अडगळ असते. का?

द्राक्षबाग_पिंपळगाव
मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. आमच्याकडेही असाच होता. बोर्डो (द्राक्षावरचं बुरशीचं औषध) करताना मोरचूद एका भांड्यात भिजवायचा, चुना दुसऱ्यात, मग एकत्र ओतायचं. एक टक्क्याला शंभर लिटर पाण्यात किलो मोरचूद, किलो चुना. मोरचूद लोखंडी भांड्याला खातो, म्हणून प्लास्टिकचे ड्रम येण्याआधी रांजण किंवा लाकडी पिंप. तुमच्या रांजणाने किती हंगाम मोरचूद प्यायलाय कुणास ठाऊक. सासऱ्यांना विचारा.

निवृत्त_रसायनी
हे मला सुचलं नाही, मानलं. म्हणूनच विचारत होतो आत काय असायचं. त्यावर उत्तर आलं "मनीप्लांट".

शिळोप्या
म्हणजे निळा रंग फुकट. वारलीत निळं चालत नाही पण.

चाकावरची_माती
रसायनी साहेब, तरी एक सांगतो. क्षार काय फक्त मोरचुदाचे नसतात. कमी भाजलेल्या मातीत मुळातच असतात, बोअरचं पाणी त्यात भर घालतं. सगळं मोरचुदावर ढकलू नका.

निवृत्त_रसायनी
ढकलत नाही. पांढरं बहुतेक बोअरचं आणि मातीतलं, निळं मोरचुदाचं. दोन्ही आहेत.

द्राक्षबाग_पिंपळगाव
वाद कशाला, घरी तपासा. झाड काढा. रांजणात दोन तांबे साधं पाणी घाला, तासभर ठेवा. ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवा. तासाभरात खिळ्यावर तांबूस थर बसला तर मोरचूद. आम्ही बोर्डोत विळा बुडवून बघतो, तांबं चढलं की चुना कमी पडलाय. तेच.

आडगावकर
आणि दिशा?

कादवाकाठ (बुधवार, दुपारी १:१५)
खिळा तांबडा झाला. आत्ता सासऱ्यांना फोन केला. म्हणाले, "हो, मोरचुदाचा रांजण तो. तुला हवा होता म्हणून दिला, शोभेला म्हणालीस." मी कधी विचारलंच नाही. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, दिवसभर त्याच्या काठावर हात टाकून उभी असते. 😟

निवृत्त_रसायनी
घाबरून जाऊ नका, पण मुलीला दूर ठेवा. हात साबणाने धुवा, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कोरडा झाडू नको, भुकटी उडते. रांजण आज हॉलमधून काढा. आतली माती कुंडीत टाकू नका. आता बरा करायचा असेल तर:

वॉर्निश आधी निघालं पाहिजे. ॲसिटोन आणि कापूस, खिडक्या उघड्या, गॅस बंद. मग मोठ्या प्लास्टिक ड्रममध्ये अख्खा बुडवायचा. नुसता आतून भरू नका, क्षार पुन्हा बाहेरच्या अंगाला येतील. रोज पाणी बदला, हातमोजे घाला. सुरुवातीला साधं, शेवटी बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. आदल्या दिवशीच्या आणि आजच्या पाण्याचा आकडा जवळपास सारखा येईपर्यंत करायचं. आठवडे लागतील. मग सावलीत हळूहळू वाळवा. निळा डाग थोडा राहीलच.

चाकावरची_माती
ड्रममध्ये टाकायच्या आधी पोपड्याच्या जागी कापूस ओला करून पाच मिनिटं दाबून धरा. माती सुटून चिखल झाली तर रांजण नीट भाजलेला नाही, बुडवला तर विरघळेल. आणि परत भट्टीत भाजून द्या असं कुणी सांगेल, ऐकू नका. जुन्या भेगा उकलतात.

गढीवरचा
बुडवायचं पाणी गोदेत नको.

द्राक्षबाग_पिंपळगाव
नाल्यात पण नको, मासे मरतात. ड्रममध्ये साठवा आणि मळ्यावर आणा. चुना टाकून बोर्डोत वापरू. पहिल्यांदाच कुणी रांजण धुऊन बागेला औषध दिलं असेल.

कादवाकाठ
रांजण सध्या मागच्या गॅलरीत, जुन्या चादरीत गुंडाळून. वॉर्निश नंतर. कोपरा रिकामा दिसतोय म्हणून सासूबाई नाराज. खुज्याला तिथे ठेवला, तो फारच बारका दिसतो.

शिळोप्या
म्हणून म्हणत होतो वारली.

माठवाली_मावशी
कोपऱ्यात माठ ठेव की. पाण्याचा. वास्तुशांतीला पन्नास माणसं येतील, पाणी लागेल.

कादवाकाठ (बुधवार, रात्री १०:०५)
मावशी, ठेवला. कुंभारवाड्यातून आजच आणला. नवाकोरा, तीनशे रुपये, खाली वाळू.

आडगावकर
ईशान्येला ठेवलात ना? पाणी ईशान्येलाच.

कादवाकाठ
हो, तोच कोपरा आहे.

वेळकाढू
मग काल रांजणाला नैऋत्य का सांगितली?

आडगावकर
तेव्हा पाणी आहे हे कुठे सांगितलं होतं त्यांनी.