पीएस५ वर जुन्या सीड्या चालतीन का?

दारव्ह्याचा_गेमर: भाऊ, कापूस इकला का पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीले जोडून गेम खेळाची मशीन) घ्याचा इचार हाये, माह्याजवळ पीएस३ च्या ६ अन् पीएस४ च्या ११ डिस्का हायेत, लहान भावासंग खेळलेल्या, जीव हाये त्याच्यात, चालतीन का?

वऱ्हाडी_पॅड: पीएस४ च्या जवळपास साऱ्याच चालतात, पण डिस्क ड्राइव्हवालाच घेजो, डिजिटलवाल्यात डिस्क टाकाले जागाच नसते. पीएस३ च्या नाही चालत, त्याचा सेल प्रोसेसर (मशीनीचा मेंदू म्हणजे मुख्य चिप) लयच येगळा होता.

पुसदचा_पोट्टा: दुसऱ्या कंपनीच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स मशीनीवर तिच्याच जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या बऱ्याच डिस्का चालतात, पण गेम अख्खा नेटवरून उतरवा लागते, अन् गावातली रेंज तुले माहीतच हाये.

दारव्ह्याचा_गेमर: मंग पीएस३ नाही इकत बावा, तो घरीच राहीन.