गॉगलात पाणी शिरलं तरी गोल्ड
एका दादांनी लिहिलंय की अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स जिंकला कारण त्याचे हातच एवढे लांब, शरीरच पोहण्यासाठी बनलेलं, मानसिकता वगैरे नंतरच्या गप्पा. शरीराचं मान्य, पण मग २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली २०० मीटर बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढं टाकत पोहायची) शर्यत बघा की. गॉगलात पाणी शिरलं, शेवटी तर भिंतच दिसेना, तरी गडी भिंत किती लांब राहिली ते कळावं म्हणून स्ट्रोक, म्हणजे हाताचे फटके, मोजत मोजत गेला आणि १:५२.०३ चा विश्वविक्रम करून गोल्ड घेतलं. वरून गडी नाराज, कारण ह्याहून जोरात जायचं होतं! ते मोजणं काय त्या दिवशी सुचलेलं नव्हतं, रोजच्या प्रॅक्टिसमध्ये मुरलेलं होतं.

आमच्याकडं बीडच्या बाजूला लेकरं विहिरीत शिकतात, पाठीला वाळका भोपळा नाहीतर डबा बांधून, अन् उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पोहणं बंद. धाडस लई असतंय, उंचावरून मुटका मारायला अजिबात भीत नाहीत, पण सरळ लेन नाही, टर्न मारायला, म्हणजे पाय टेकवून उलटं फिरायला, भिंत नाही, स्ट्रोक मोजणार कुठं? म्हणून जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत चांगली दमाची पोरं पहिल्या टर्नलाच मागं पडलेली मी बघितलीत, तेव्हा लई वाईट वाटतं. वर्षभर पाणी राहील असा २५ मीटरचा का होईना, पूल पाहिजे ह्या लेकरांना.