सोलापुरात रोलप्ले खेळणारा गट हवाय (नवशिकी आहे, तलवार नको, बोहारीण खेळायचीये)

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याची भावंडं, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचे खेळ, सोलापुरात कुणी खेळतं का?

पुण्यात मामेभावाच्या खोलीवर एकदा बघितला होता. पाच जण दीड तास एका पुलावरून पलीकडे जावं की नाही यावर भांडत होते आणि मला तिथून उठवेना. नंतर गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन एका गटात शिरले. "हीलर कमी आहे" म्हणून घेतलं मला. पहिल्या रविवारी अडीच तास लांडग्यांशी मारामारी. माझी पाळी आली की "याला बरं कर", पुढच्या पाळीला "त्याला बरं कर". तीन रविवार झाले, चौथ्याला मी गेलेच नाही. कुणी विचारलंही नाही कुठं आहेस म्हणून.

मला खेळायचीये बोहारीण. साठीची, डोक्यावर भांड्यांची पाटी, गावातल्या प्रत्येक घराचं उंबऱ्याच्या आतलं माहीत असलेली. नाव मल्लव्वा. तिला शस्त्र धरता येत नाही, पण दोन धोतरांवर पातेलं द्यायचं की वाटी यावर ती राजाशीही तासभर घासाघीस करेल.

राहते विजापूर रोडला. रविवारी दुपारनंतर मोकळी, पाण्याचा दिवस सोडून. भाषा मराठी, मधेमधे हिंदी-कन्नड आली तरी चालेल. मुख्य प्रश्न हा की गटात शिरायच्या आधीच तो आपल्याला मानवेल का, हे ओळखायचं कसं? परत तीन रविवार घालवायची इच्छा नाही.

सातरस्ता_९

भावा, सोलापुरात कोण खेळतंय हे. पुण्याला जा, तिथं कॅफेत खेळतात म्हणे.

कडकभाकरी

भावा नाही, ताई. आणि बोहारीण खेळण्यासाठी पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, रात्री परत यायचं, आणि सोमवारी सकाळी ऑफिस? तुम्ही तिकीट काढून देणार असाल तर विचार करते.

सातरस्ता_९

माफी ताई. तिकिटाचं बघू की ओ.

वीस_बाजूंचा

मी सहा वर्षं डीएम आहे, म्हणजे खेळात गोष्ट चालवणारा, आधी हॉस्टेलवर, आता ऑनलाइन. तुमच्या मुख्य प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

"तुमच्यात रोलप्ले असतो की मारामारी?" असं विचारू नका. सगळे "दोन्ही" म्हणतात. स्थळ बघताना "मुलगा निर्व्यसनी आहे" म्हणतात तसं आहे ते. एकच विचारा: मागच्या खेळात काय काय झालं? आणि मग गप्प बसून ऐका.

"ओगर मारला, मग त्याचा भाऊ आला, मी एका फटक्यात एकवीस डॅमेज काढलं" असं उत्तर आलं तर त्या टेबलाचा वेळ कुठं जातो ते कळलं. त्यात वाईट काही नाही, पण मल्लव्वा तिथं पाटी घेऊन कोपऱ्यात बसेल. "सरायवाला खोटं बोलतोय हे आमच्या चोराच्या लक्षात आलं, मग पाद्र्यानं त्याला बोलण्यात गुंतवलं" असं ऐकू आलं तर तिथं जागा मागा. उत्तर देताना डीएम एकटाच दहा मिनिटं स्वतःच्या राज्याची वंशावळ सांगत सुटला आणि एकाही खेळाडूचं नाव निघालं नाही, तर चहा पिऊन उठा. हा तिसरा प्रकार मी स्वतः दोन वर्षं होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

तुमच्या त्या गटाचा सगळाच दोष नाही. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला तो पटावरच्या युद्धखेळांतून. त्यामुळे मारामारीला पाळ्या, अंतरं, हत्यारं, सगळ्याचे बारीक नियम, आणि बोलण्याला बऱ्याचदा एक फासा. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पटवून देण्याच्या कौशल्याचा आकडा मिळवा, आकडा पुरला की राजा पटला. डीएमनं मुद्दाम वेळ दिला नाही तर मल्लव्वाची तासाभराची घासाघीस पाच सेकंदांत संपते.

तरी डी अँड डीच खेळायचं असेल तर तिला हीलर करू नका, बार्ड करा, म्हणजे शब्दांच्या जोरावर जादू करणारा गवई. बार्ड म्हणजे गाणाराच हवा असं नाही. नियम तेच ठेवायचे, वर्णन आपलं. त्यांच्यात पहिल्याच पायरीवर घेता येणारी व्हिशस मॉकरी नावाची किरकोळ जादू आहे: समोरच्याला असं काही बोलायचं की त्याच्या मनाला जखम होते. २०१४ च्या नियमांत त्याला चार बाजूंच्या फाशाइतकं नुकसान, शिवाय त्याच्या पुढच्या वारात खोट. म्हणजे बोहारणीचा टोमणा. माझ्या टेबलावर एक गोब्लिन केवळ अपमानानं मेलेला आहे.

पुस्तकं आत्ता विकत घेऊ नका. प्राथमिक नियम अधिकृतपणे फुकट मिळतात, आणि गाभ्याचे नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुले आहेत. सात फाशांचा संचही नको, फोनवर फासे टाकायची ॲपं आहेत.

मागवाला

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. पात्र घरून शिजवून आणायचं आणि मग त्याला साजेसा गट शोधायचा, हे मला उलटं वाटतं. टेबलावर आणखी चार माणसं असतात, त्यांच्याही डोक्यात काहीतरी असतं. मी एकदा असाच एक मुका संन्यासी घेऊन गेलो होतो. फार विचार केलेला. दुसऱ्या तासाला लोक माझ्याकडे बघायचेच बंद झाले, कारण मुक्या माणसाला विचारणार काय?

तुमच्या मल्लव्वाबद्दल प्रश्न एकच. बाकीचे चौघे गुहेकडे निघाले, तर साठ वर्षांची बाई भांडी घेऊन त्यांच्यामागं का जाईल? याला उत्तर नसेल तर दर वेळी डीएमला तिला ओढत न्यावं लागेल.

कडकभाकरी

उधारी वसूल करायला.

त्या चौघांनी मोहिमेसाठी भांडी नेलीत तिच्याकडून, कपडे परत येऊन देतो म्हणून. मेले तर कपडे बुडाले. म्हणून ती त्यांना मरू देणार नाही.

मागवाला

शब्द मागे घेतो. या बाईला मी माझ्या टेबलावर घेईन. दुर्दैवानं मी भिवंडीत असतो.

हिप्परग्याचा_बगळा

तलवार नकोच असेल तर डी अँड डीच्या मागे का लागायचं? कॉल ऑफ थुलू बघा. १९८१ पासूनचा खेळ आहे, पात्रं साधी माणसं: डॉक्टर, वार्ताहर, ग्रंथपाल, दुकानदार. शंभरातल्या टक्क्यांवर चालतो. "कान टवकारून ऐकणं ५०" असेल तर फासा पन्नास किंवा खाली यायला हवा, संपलं गणित. सुरुवातीचे नियम फुकट मिळतात, सोबत एक तयार गोष्टही. मारामारीत मात्र माणसं पटकन मरतात, त्यामुळे सगळेच आपोआप बोहारणीसारखे वागतात, म्हणजे आधी चौकशी, मग पळ.

तो मूळचा १९२० च्या दशकात घडतो. मी तो उचलून आपल्या गिरणगावात आणला होता: रात्रपाळी, भोंगा, आणि सूतखात्यात तिसऱ्या ओळीतल्या चात्या आपोआप उलट्या फिरतात. फक्त एक पथ्य पाळलं, गोष्ट १९२६ ला ठेवली. मे १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे यांना भुताच्या गोष्टीत ओढणं मला जमणार नाही. १२ जानेवारीला आपण ज्यांच्या पुतळ्यांना हार घालतो त्यांच्यावर फासे टाकायचे नसतात. हे माझं मत, नियम नव्हे.

सातरस्ता_९

चात्या उलट्या फिरतात हे वाचून रात्री साडेअकराला अंगावर काटा आला बे. आजोबा सूतखात्यात होते माझे.

अक्का_जुळेसोलापूर

ताई, एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. अनोळखी गटाची पहिली भेट कुणाच्या खोलीवर नको. चार माणसांत, उजेडात भेटा, आणि त्या दिवशी खेळू नका, नुसतं बोला. याला सेशन झीरो म्हणतात, बरे गट तो स्वतःहून करतात. कुणाला काय नको ते तिथंच सांगायचं. मी दोन गोष्टी सांगते: लहान मुलांना इजा नको, आणि माझ्या पात्राच्या गळ्यात कुणी प्रेमप्रकरण अडकवायचं नाही. एकदा तर एकानं माझ्या वैद्यबाईला दुसऱ्याच सीनमध्ये लग्नाची मागणी घातली होती, आणि टेबलावरचे बाकीचे हसले. मी बॅग उचलली.

आणखी एक सोय म्हणजे एक्स-कार्ड. कागदावर फुली काढून टेबलाच्या मधे ठेवायची. कुणालाही एखादं वळण नको झालं तर त्याला बोट लावायचं, तो भाग गाळायचा, कारण विचारायचं नाही. आमच्यात वर्षभरात दोनदाच वापरलं गेलं. पण हे कार्ड म्हटल्यावर जो गट खो-खो हसतो तिथं जाऊ नका.

आता आमच्या गटाबद्दल. आम्ही पाच जण जुळे सोलापुरात दर दुसऱ्या रविवारी खेळतो. वीस_बाजूंचा यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर देते: मागच्या वेळी तीन तासांपैकी दोन तास एका बुरुजावर चढून मारामारी झाली, आणि आम्हाला ती आवडली. म्हणून तुम्हाला आमच्यात या म्हणणार नाही. पण आमच्यातल्या दोघांना बोलण्याचे खेळ हवे असतात आणि ते बिचारे बुरुजावर कंटाळतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शेंगादाणा_नव्हे_शेंगा

ते दोघे, तुम्ही आणि एक डीएम. झाला की गट! तयार गट शोधण्यापेक्षा हे बरं. चार रविवार कबूल करू नका, एकच दुपार ठरवा, एका बैठकीत संपणारी गोष्ट. नाही जमलं तर कुणाचं मन न मोडता राम राम.

त्यासाठी लेझर्स अँड फीलिंग्ज घ्या. जॉन हार्पर यांचा, सगळे नियम एका पानावर, फुकट. साधे सहा बाजूंचे फासे लागतात, म्हणजे ल्यूडोच्या डब्यातले चालतील. मूळ खेळ अंतराळयानाचा. प्रत्येकानं २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. डोक्यानं, थंडपणे करायचं काम असेल तर फासा आकड्याच्या खाली यायला हवा. मनानं, जीव ओतून करायचं असेल तर वर. तयारी असेल तर एक फासा जास्त, त्या कामातले उस्ताद असाल तर आणखी एक. आम्ही नावं बदलली, हिशेब आणि माया. यानाच्या जागी गड्ड्याच्या यात्रेतलं खेळण्यांचं दुकान, आणि मालक गायब.

बोहारणीला कोणता आकडा द्यायचा यावर मात्र भांडण होईल.

मागवाला

५. बोहारीण म्हणजे हिशेब.

अक्का_जुळेसोलापूर

२. तुम्ही कधी बोहारणीशी बोललेला दिसत नाही.

कडकभाकरी

तीन आठवड्यांनी परत आलेय, सांगायचं राहिलं होतं.

अक्कांनी दोघांशी गाठ घालून दिली. पहिल्या रविवारी कंबर तलावापाशी नुसत्या गप्पा. मी ठरवल्याप्रमाणे "मागच्या खेळात काय झालं?" विचारलं. त्यातला एक, अशोक चौकाकडचा, घरी तेलुगू बोलणारा, म्हणाला, "बुरुजावरच्या पहारेकऱ्याला मुलगी आहे का एवढंच मला विचारायचं होतं, तोवर त्याला खाली ढकललं." तिथंच मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी खेळलो, त्याच्याच घरी, त्याच्या आईच्या देखरेखीखाली. डीएम कुणीच नव्हतं, मग त्यानंच ते पान वाचून घेतलं. यान नाही, दुकान नाही, आमची एक धर्मशाळा होती आणि तिच्या विहिरीतून रात्री भांड्यांचा आवाज यायचा. मी आकडा ३ घेतला, मागवाला आणि अक्का दोघांचंही न ऐकता. मल्लव्वानं विहिरीतल्या त्या जे-काही-होतं-त्याच्याशी पाऊण तास भाव केला. शेवटी दोन लुगड्यांवर सौदा ठरला, आणि मग कळलं की त्याला भांडी नकोच होती, कुणीतरी वर बोलायला हवं होतं. हे आधी ठरवलेलं नव्हतं म्हणे, डीएमला तिथल्या तिथं सुचलं. त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, लुगडी दोन म्हणजे फार झाली.

सगळं गोड नव्हतं. तिसरा खेळाडू पहिला तासभर जवळजवळ बोललाच नाही, आणि मी इतकी रंगले होते की माझ्या लक्षातही आलं नाही. लांडग्यांच्या गटात मी जिथं होते तिथं या वेळी तो होता. घरी येताना ते टोचलं. पुढच्या वेळी मल्लव्वा त्याच्या पात्राकडून काहीतरी उधार घेणार आहे, म्हणजे त्याला माझ्यामागं यावं लागेल.

एक शंका. फासा बरोबर माझ्या आकड्यावर, म्हणजे ३ वर पडला की आम्ही ते अपयश धरलं, कारण वरही नाही, खालीही नाही. बरोबर का?

शेंगादाणा_नव्हे_शेंगा

चूक. नेमका आकडा आला की ते यश धरायचं, आणि वर डीएमला एक प्रश्न विचारता येतो, त्यानं खरंच उत्तर द्यायचं. उत्तर ऐकून बेत बदलायचा असेल तर बदलून परत फासा टाकता येतो. किती वेळा आला?

कडकभाकरी

चार वेळा 🤦‍♀️ चार प्रश्न बुडाले माझे. पुढच्या रविवारी वसूल करते.