जनांतिक म्हणजे नक्की कोणाकडे बघून बोलायचं?

दांडियाबाजारची सून
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळात यंदा गणपतीत 'एकच प्याला'चं वाचन आहे, अख्खं नाही, कापून कापून चाळीस मिनिटांचं केलंय, आणि मला गीता दिलीये, तळीरामाची बायको. संहितेत माझ्या एका वाक्याआधी कंसात 'जनांतिक' लिहिलंय. मी ते स्वगत समजून मान खाली घालून पुटपुटले तर दिग्दर्शक म्हणाले अहो वहिनी हे स्वगत नाहीये, आणि मी हो हो करून पुढे गेले कारण सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटली. घरी मुलीला विचारलं, ती गुजराती मीडियमची, म्हणे आई आमच्यात स्वगतोक्ती असते, एकोक्ती असते, हे जनांतिक काय नवीन. झालं, आणखी घोळ. तर स्वगत, जनांतिक, एकपात्री यात फरक काय ते कोणी साध्या भाषेत सांगेल का? आणि प्रॅक्टिसला एक आजोबा येऊन बसतात, ते म्हणाले शोकांतिका नका म्हणू, शोकात्मिका म्हणा. हा नुसता शब्दांचा कीस आहे की खरंच काही आहे त्यात?

तिसरी घंटा
ताई एकच बघायचं, ऐकू कोणाला जातं. स्वगत फक्त प्रेक्षकांना ऐकू जातं, स्टेजवर शेजारी दहा माणसं उभी असली तरी ती बहिरी. जनांतिक म्हणजे दोघंतिघं आपसात बोलतायत आणि बाकीच्यांना ते ऐकू येत नाहीये असं आपण सगळ्यांनी मिळून मानायचं. एकपात्री ही भानगडच वेगळी, तो प्रयोगाचा प्रकार, एकच नट सगळं निभावतो. मुलीची एकोक्ती म्हणजे बहुतेक मोनोलॉग, एकट्याचं लांब बोलणं, पण समोर ऐकणारा असू शकतो. कोर्टात वकील पाच मिनिटं सलग बोलला तर तो मोनोलॉग, स्वगत नाही, कारण न्यायाधीश ऐकतोय (ऐकत असावा 😄)

जुना प्रेक्षक
वरचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. हे शब्द संस्कृत नाटकातले. तिथे जनांतिकाला हाताची खूण ठरलेली असे, त्रिपताका, म्हणजे अनामिका वाकवायची आणि बाकी बोटं सरळ, असा हात मध्ये आडवा धरला की प्रेक्षकाला कळायचं की पलीकडच्यांना हे ऐकू जात नाही. स्वगत संपून पात्र मोठ्याने बोलायला लागलं की कंसात 'प्रकाश' लिहीत. मला आवडतं ते आकाशभाषित. समोर कोणी नसतं, पात्र वर बघून म्हणतं, काय म्हणालास? असं म्हणालास होय? आणि स्वतःच उत्तर देतं. आताच्या नाटकात मोबाईलवर बोलायचा प्रवेश असतो ना, तेच हो, फक्त हातात फोन नव्हता.

आता तुमचा मुद्दा. हल्ली पुष्कळ जण इंग्रजी असाइडलाच जनांतिक म्हणतात, म्हणजे प्रेक्षकांकडे वळून टाकलेला टोमणा. तुमच्या दिग्दर्शकांच्या मनात कुठला अर्थ आहे ते त्यांनाच विचारावं लागेल, कारण पहिल्या अर्थाने तुम्हाला शेजारच्या पात्राकडे झुकायचंय आणि दुसऱ्या अर्थाने थेट पहिल्या रांगेकडे बघायचंय. लाजू नका, त्यांनाही हा फरक माहीत असेलच असं नाही.

भाकरवडी
शोकांतिका शोकात्मिका राहू द्या, मला तर तो मेलोड्रामा वाटतो. बाई सोसते सोसते आणि मरते, मूल मरतं, शेवटी नवरा विष घालून पितो. लहानपणी बडोद्याच्या गांधीनगर गृह नाट्यगृहात पुढे बसलेल्या सगळ्या मावश्या रडत होत्या आणि मी सेव उसळीची वाट बघत होतो. दारू वाईट एवढं सांगायला पाच अंक?

जुना प्रेक्षक
@भाकरवडी ज्या नाटकाचा पहिला प्रयोगच आपल्या बडोद्यात झाला, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने केला आणि लेखक गडकरी बिचारे त्याच्या काही आठवडे आधीच गेले (जन्मही त्यांचा गुजरातेतलाच, नवसारीचा), त्याच्याबद्दल बडोद्याच्या माणसाने असं बोलावं! असो. मेलोड्रामातलं मेलो म्हणजे मुळात गाणं, त्या अर्थाने आपली सगळीच संगीत नाटकं मेलोड्रामा, तेव्हा ती शिवी म्हणून वापरू नका.

पण दारू वाईट एवढंच ते नाटक नाही. नाटकाचा नायक सुधाकर, वकील माणूस, पहिला प्याला का घेतो? कोर्टात मुन्सफाशी वाजतं, वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी जाते आणि तो अपमान त्याला सहन होत नाही. मग मध्ये तो खरंच सोडतो. आणि पुन्हा का घेतो? नोकरी मागायला जातो तिथे लोक त्याला झिडकारतात, पुन्हा तोच अपमान. दोन्ही वेळेला बाटलीच्या आधी मानीपणा येतो. ॲरिस्टॉटलने यालाच हॅमार्शिया म्हटलंय, आपल्याकडे त्याचं शोकात्म दोष वगैरे करतात पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नेम चुकणे, बाण मारला आणि लागला नाही. माणूस दुष्ट नाही, नेम चुकला. तळीरामाला तुम्ही शोकात्म नायक नाही म्हणणार, कारण त्याने नेम धरलाच नव्हता कधी.

म्हणून ते आजोबा बरोबर आहेत. शोकांतिका म्हटलं की लक्ष फक्त शेवटाकडे जातं, किती मेले ते मोजायचं. ग्रीकांच्या काही ट्रॅजेडीत तर शेवटी सुटका होते, तीन नाटकांच्या एका मालिकेत ओरेस्टीस आईला मारतो आणि तिसऱ्या नाटकात निर्दोष सुटतो, तरी ती ट्रॅजेडीच. शोक शेवटच्या पानावर नसतो, पहिल्यापासून आत मुरलेला असतो, म्हणून शोकात्मिका.

भाकरवडी
काका तो नेम चुकण्याचा मुद्दा पटला. मेलोड्रामा अर्धा मागे घेतो. मावश्या रडत होत्या हे मागे घेत नाही

तिसरी घंटा
आयरनी पण घ्या ना यात, ड्रॅमॅटिक आयरनी म्हणजे आपल्याला माहितीये आणि पात्राला नाही. शाकुंतलमध्ये दुर्वासाचा शाप चौथ्या अंकाच्या आधीच्या विष्कंभकात येतो, दोन्ही सख्या ऐकतात, आपण ऐकतो, शकुंतलेला पत्ताच नाही. पुढे राजा ओळखत नाही म्हणतो तेव्हा आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं अरे शाप आहे शाप. विष्कंभक म्हणजे दोन अंकांच्या मधला सांधा, परीक्षेत मी त्याची व्याख्या पाठ केली होती, काम काय असतं ते या शापावरून कळलं.

दांडियाबाजारची सून
सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचे विशेष. काल विचारलं एकदाचं. दिग्दर्शक दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, वहिनी तुम्हाला कसं सोपं पडेल? मी म्हटलं मी प्रेक्षकांकडे बघते, तळीराम झालेले भाऊ तसेही स्क्रिप्टमधून मान वर काढत नाहीत, त्यांना ऐकू जायचा प्रश्नच नाही.