बक्कानो! : गुंडाला अमृत पाजलं की गोष्टीत उरतं काय?

पोटमाळा
‘बक्कानो!’ काल दुसऱ्यांदा बघून संपवली. (न बघितलेल्यांनी इथूनच मागे फिरा, सगळं फोडणार आहे.)

२००७ ची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका, टीव्हीवर १३ भाग आणि नंतर डीव्हीडीवर आणखी ३. मूळ कादंबऱ्या र्‍योगो नारिता यांच्या, दिग्दर्शक ताकाहिरो ओमोरी. काळ अमेरिकेतल्या दारूबंदीच्या अखेरचा, म्हणजे १९३०-३२. न्यूयॉर्कच्या टोळ्या, शिकागोहून निघालेली आलिशान रेल्वे, टॉमी गन, हॅटी. आणि सगळ्याच्या बुडाशी १७११ सालचं एक जहाज, ज्यावर किमयागारांनी सैतानाला बोलावून अमरत्वाचं पेय मिळवलं.

टोळीच्या गोष्टीचं भांडवल एकच असतं: माणूस मरतो. इथे फिरो या टोळीतल्या पोराच्या बढतीच्या पार्टीत त्या पेयाच्या बाटल्या येतात, सगळे दारू समजून पितात आणि अमर होतात. मग झाडा गोळ्या. सांडलेलं रक्त सरपटत परत अंगात शिरतं. पहिल्यांदा मजा वाटली, तिसऱ्यांदा मी मोबाईल उचलला. यापेक्षा ‘९१ डेज’ (२०१६) शंभर पटींनी बरी. काळ तोच, जादू नाही, मेलेला मेलेलाच राहतो.

कुरडई
काहीच्या काही! रेल्वेतली निम्मीअधिक मंडळी मरणारीच आहेत की. जकूझी नावाचा तो रडवा टोळीवाला रडत रडत लढतो तो अमर आहे म्हणून का? आणि अख्ख्या मालिकेत ज्याला कुणी हात लावू शकत नाही तो क्लेअर, तोही साधा माणूस. हे सगळं जग आपल्याच स्वप्नात चाललंय अशी त्याची पक्की समजूत, त्यामुळे आपण मरूच कसे! उलट अमर झालेले आयझॅक आणि मिरिया बघा. लोकांना आत जाता येऊ नये म्हणून संग्रहालयाचं दारच चोरणारं जोडपं. त्यांना आपण अमर आहोत याचा पत्ताही नाही.

लॅड रूसोला तर विसरलातच. ‘आपल्याला काही होणार नाही’ अशा भ्रमात असलेल्यांना मारायचा त्याला शौक. अमरांच्या गोष्टीत असा खुनी सोडणं याला मी तरी लेखकाची हुशारीच म्हणेन.

दोन_आणे
पोटमाळा यांना +१, पण कारण वेगळं. मला जादू खटकली नाही, दारूबंदी खटकली. म्हणजे ती कुठे आहे? १९२० ते १९३३ या बंदीनं त्या टोळ्यांना गब्बर केलं. माल कुठून येतो, पोलिसांचा हप्ता किती, अड्डा कोण चालवतो, यातलं काही कळत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत हातभट्टी आणि ‘आंटी’चे अड्डे कसे फोफावले हे घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकत वाढलेल्या माणसाला ही मालिका नुसती वेशभूषा स्पर्धा वाटते.

कुरडई
अहो, पण ती बाटल्यांची गफलत दारूबंदीतच शोभते! बिनलेबलाची बाटली हाती आली की आत काय आहे हे विचारायची पद्धतच नव्हती. दोनशे वर्षं खपून म्हाताऱ्या झिलार्डनं (त्या जहाजावरच्याच एका किमयागारानं) करवून घेतलेलं अमृत चोरीची दारू म्हणून रिचवलं जातं. आपला राहू निदान जाणूनबुजून पंगतीत बसला होता, हे तर नकळतच प्यायले.

सातवी_फ
मुद्दा मरण टळण्याचा नाहीच. अमराला फक्त दुसरा अमर संपवू शकतो: उजवा हात डोक्यावर ठेवून ‘खायचंय’ असं मनात आणायचं. खाल्लेल्याच्या आठवणी खाणाऱ्यात उतरतात. जहाजावरचा चेस्वाफ १७११ पासून पोराच्याच अंगात अडकलाय. ज्यानं सांभाळायच्या नावाखाली त्याचा छळ केला, त्याला त्यानं खाल्लं. आता त्या छळाची आठवण त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी आहे: सोसणाऱ्याची आणि मजा घेणाऱ्याचीही. अश्वत्थाम्याची जखम निदान त्याची एकट्याची होती.

आणखी एक नियम भारी आहे. अमरांना एकमेकांसमोर खोटं नाव सांगता येत नाही. रेल्वेत चेस्वाफ खोटं नाव सांगायला जातो आणि जीभ वळत नाही. म्हणजे समोरच्यांपैकी कुणीतरी अमर आहे! तिथे मी खुर्चीत सरसावून बसले. बंदूक दिसतसुद्धा नाही त्या प्रसंगात.

दोन_आणे
चेस्वाफचं मान्य. पण ती किमयागारांची गोष्ट झाली, गुंडांची कुठे झाली?

कुरडई
मग अमर झालेला तो गुंड डॅलस घ्या. पायात सिमेंट ओतून नदीत सोडणं ही टोळीकथेतली जुनीच शिक्षा. पण डॅलस मरत नाही ना! टोळीवाले गँडोर बंधू त्याला पिंपात सिमेंटमध्ये घालून तळाशी पाठवतात. तो बुडतो, जिवंत होतो, परत बुडतो. वर त्याची बहीण ईव्ह भावाला शोधत दारोदार फिरतेय. जादू काढा, एका मिनिटात संपेल हे. गुंड काढा, पिंपच उरणार नाही.

सातवी_फ
जाता जाता, दुसऱ्यांदा बघणार असाल तर इंग्रजी डब लावा. एरवी मी डबच्या वाटेला जात नाही, पण न्यूयॉर्क-शिकागोच्या गुंडांच्या तोंडी ते हेलच शोभतात.

पोटमाळा
डब लावून बघतो. रक्त परत अंगात शिरण्याचा कंटाळा मात्र कायम आहे, तो कुणी खोडलेला नाही. डॅलस इतका नालायक की त्या पिंपाकडे मी दोन्ही वेळा ‘बरं झालं’ म्हणून बघितलं आणि पुढे गेलो. बहिणीच्या बाजूनं बघायचं सुचलंच नाही. त्या एका धाग्यावर सगळी मालिका विणली असती, तर मी हा धागा काढलाच नसता.