कौल उजवा आला, म्हणून गोळ्या बंद?

डिचोलीची सून
विषय घरचाच आहे, म्हणून नावंगावं गाळून लिहिते.

धाकट्या दिराला तीन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. कुंडईला कारखान्यात कामाला होता. कँटीनमधले लोक आपल्याबद्दलच बोलतात म्हणायचा, मग जेवणात काहीतरी घालतात म्हणायला लागला. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात उपचार सुरू झाले आणि पाच-सहा महिन्यांत पोरगा माणसात आला. वजन वाढलं, सकाळी जाग येत नाही, एवढीच काय ती तक्रार.

गेल्या महिन्यात सासूबाई कुळदेवीकडे कौल घेऊन आल्या. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: देवीच्या मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार. उजवी पडली. घरी येऊन त्यांनी गोळ्यांचा डबा कपाटावर टाकला. "देवीनं सांगितलंय." आणि खोटं कशाला बोलू, पुढचे तीन आठवडे तो छान होता. लवकर उठायचा, पुतणीला शाळेत सोडायचा. घरात मीच खोटी पडले.

मी नास्तिक नाही. लग्न ठरताना माझ्या नावाचाही कौल लावला होता, म्हणून तर या घरात आहे. पण देवाला काय विचारायचं आणि काय नाही, हे घरात ठरवायचं कोणी?

फोंडेकर
यात चर्चा कसली? डबा खाली काढा आणि आज डॉक्टरांना फोन करा.

तमिळनाडूत एर्वाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली. दर्ग्याच्या आसऱ्याने बरे होतील म्हणून आणलेले मनोरुग्ण तिथे साखळ्यांनी बांधलेले होते. 28 जण जळून मेले, कारण पळताच येत नव्हतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला बंदी घातली आहे. कपाटावरच्या डब्याला कुठल्या कलमात बसवायचं ते तुम्हीच सांगा.

देवळाकडचा
फोंडेकर, एर्वाडी आणि एका आईने घेतलेला कौल एकाच तागडीत? त्या बाईंच्या पोराला कोणी बांधलेलं नाही.

माझा जन्म देवळाच्या अग्रशाळेला, म्हणजे भाविकांच्या धर्मशाळेला, लागून असलेल्या घरात गेला. सोमवारी गाऱ्हाणं घालायला येणारी माणसं मी लहानपणापासून पाहतोय. नवरा पितो, पोरगी बोलत नाही, झोप नाही. भटजी सगळं ऐकून घेतात, देवीपुढे त्या माणसाचं नाव घेतात, त्याचं दुःख मोठ्याने उच्चारतात. ओपीडीत पाच मिनिटांत कागद हातात पडतो. आणि हे नुसतं भावनेपोटी बोलत नाही. तमिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या 31 रुग्णांची पाहणी 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. औषध नाही, सरासरी सहा आठवडे मुक्काम, आणि लक्षणांचे गुण जवळपास वीस टक्क्यांनी उतरले.

फोंडेकर
ती पाहणी मीही वाचली आहे. तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि त्या लेखकांनीही श्रेय मंत्राला दिलेलं नाही. घरचं माणूस सोबत, कोणी हिणवत नाही, देवळातली हलकी कामं. उद्या हेच सगळं एखाद्या आश्रमशाळेच्या आवारात दिलंत तर तिथेही गुण येईल.

आणि देवळाकडचे, पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा आहे ना, बाईवर हात रोखून उभा असलेला? 1756 चा कांदोळीचा जन्म, पेशाने पाद्री. पॅरिसला जाऊन त्याने सांगितलं की संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात. हे एका गोंयकाराने दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं आणि आपण अजून पाकळ्या मोजतोय.

देवळाकडचा
अहो, मग फारिया तर माझ्या बाजूचा झाला! शक्ती माणसाच्या मनात आहे आणि ती विश्वासाने जागी होते, हेच तर मी म्हणतोय.

म्हापशे
थोडं विषयांतर. आमच्या शेजारची कातोलिक आजी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढते आणि आमची आई म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, तेल वाहते. सायबीण आणि शिरगावची लईराई देवी बहिणी, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यातून कोणाचं नुकसान झाल्याचं मला आठवत नाही. पण दृष्ट काढून झाल्यावर ती आजी मधुमेहाची गोळी न चुकता घेते.

रात्रपाळी
ताई, मी मनोरुग्णांच्या वॉर्डात वीस वर्षं परिचारिका होते. त्या तीन आठवड्यांबद्दल सांगते, कारण घरचे नेमके तिथेच फसतात.

गोळ्या थांबल्या की आधी त्यांचा त्रास जातो: झोप, जडपणा, तोंडाचा कोरडेपणा. पोरगा ताजातवाना दिसतो. आजार लगेच परतत नाही, कधी आठवडे जातात, कधी महिने. त्यामुळे कौल खरा ठरल्यासारखा वाटतो आणि दोन महिन्यांनी पोरगा पुन्हा बिघडला की दोष वेगळ्याच कोणावर जातो, पुष्कळदा सुनेवर. सध्या तुम्ही झोपेवर लक्ष ठेवा. रात्री फेऱ्या मारायला लागला, जेवणाचा वास घेऊन बघायला लागला, तर थांबू नका. आणि डबा सापडला म्हणून आपल्या मनाने पूर्वीचाच डोस सुरू करू नका. किती दिवस बंद होत्या ते डॉक्टरांना सांगून विचारा. रात्री-अपरात्री अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे.

देवाचं म्हणाल, तर वॉर्डात ताईत, अंगारा, जपमाळ, कातोलिकांच्या गळ्यातलं स्कॅप्युलर सगळं यायचं. आम्ही काढायला लावत नसू. डॉक्टरसुद्धा निदान करताना बघतात की हा माणूस जे म्हणतोय ते त्याच्या समाजात सगळे मानतात का. वर्षातून एकदा जत्रेत भार येणं, म्हणजे अंगात येणं, हा आजार नव्हे. पण ऐकून घ्यायला देऊळच लागतं हे मला पटत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशन शिकवून नैराश्य आणि चिंतेवर प्रयोग केला, 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना फरक पडला.

तिसरं स्नान
उलटी बाजू कोणीच लिहिली नाही, म्हणून मी लिहितो. माझ्या आजारानं देवाचंच सोंग घेतलं होतं.

स्तोत्र म्हणताना एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. मग आंघोळ पुन्हा. पूजा साडेचार तासांवर गेली, नोकरी गेली. घरचे कौतुकानं म्हणायचे, "या वयात किती सोवळं पाळतो!" आजीनं तर नातेवाइकांत माझं उदाहरण दिलं. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. शब्दातच मंत्र आहे, तरी कोणाला दिसलं नाही. उपचारात काय करायचं होतं, तर मुद्दाम एक अक्षर चुकवायचं आणि पुढे जायचं. पहिल्या दिवशी घाम फुटला होता. वर्षभर देवघरात पाऊल टाकलं नाही. आता संध्याकाळी एक समई लावतो. एकदाच.

देवळाकडचे, तुम्ही म्हणता विश्वास जागा करतो. माझा मला झोपू देत नव्हता.

देवळाकडचा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी सूनबाईंना एक विचारतो. कौल लागतो तो गाऱ्हाण्यात घातलेल्या प्रश्नाला. पाकळी "हो" म्हणते, पण कशाला हो? सासूबाईंनी प्रश्न काय घातला होता?

फोंडेकर
म्हणजे देवी बरोबर, प्रश्न चुकला. सोयीस्कर आहे.

देवळाकडचा
सोयीस्कर म्हणा हवं तर. पण ती आई तुमचं ऐकणार आहे की देवीचं, याचाही विचार करा.

डिचोलीची सून
काल रात्री भांडी घासताना सासूबाईंना विचारलं. प्रश्न असा होता: "पोर बरं होणार काय?"

बस. गोळ्यांचा शब्दही नव्हता. बरं होणार म्हटल्यावर गोळ्या कशाला, हा हिशेब घरी येताना बसमध्ये त्यांनी आणि माझ्या थोरल्या नणंदेनं मांडला. मी काही बोलले नाही. सासूबाईच थोड्या वेळाने म्हणाल्या, "गोळ्या घेऊनच बरं होणार असेल तर?" मग बराच वेळ नळ तसाच वाहत होता.

रात्रपाळी ताई, दोन रात्री झाल्या, तो झोपलेला नाही. डॉक्टरांशी बोलले, उद्या सकाळी बोलावलंय. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आज रात्रीची एक गोळी दिली. त्यानं माझ्या हातून घेतली नाही, आईच्या हातून घेतली. फोंडेकर, तुम्हाला आवडणार नाही, पण त्याआधी त्यांनी त्याच्या कपाळाला अंगारा लावला.

फोंडेकर
लावू दे. सकाळी गाडी आहे ना? नसेल तर सांगा, मी डिचोलीला सातपर्यंत पोचतो.