जुनी क्यू७ घेताना काय बघू?

मंडळी, विश्रामबागेत २०१६ ची डिझेल ऑडी क्यू७ बघितलीय. एमएच-१० पासिंग, दुसरा मालक. वडिलांची फार इच्छा आहे. काय तपासू?

› दादा, सांगलीची गाडी म्हणजे आधी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. स्टेपनीखालचा खळगा, सीटचे बोल्ट बघा. मी नुसतं पॉलिश बघून एक गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात वायरिंग गेलं. इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मागाच.

› एअर सस्पेन्शन असेल तर रात्रभर उभी ठेवा. सकाळी एखादा कोपरा बसलेला दिसला तर हवा गळतेय, खर्च मोठा. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करा.

› आरसीवर बँकेचा बोजा?

बोजा उतरलाय. मालकांना गाडी आज हलवू नका म्हटलंय, उद्या सहाला मेकॅनिकला घेऊन जातो.